चौथा रकाना

ऐल्सा गेडिस काल रात्री अकराला बोटीतून उतरल्या
आणि कर्कवॉलच्या त्या खोलीत,
पडद्याच्या फटीतून शिरणाऱ्या जूनच्या हट्टी उजेडात
त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.
सकाळी त्यांनीच सांगितलं, जांभई हाताआड दडवत.
आम्ही आठ जणी आणि एकटा मॅग्नस, मनापासून हसलो.
मुलांना झोपवायचं कसं ते शिकवायला आलेली बाई
स्वतःच तारवटलेली.

"बरंच झालं," त्या म्हणाल्या,
"आज उपदेश करायचं त्राण नाही माझ्यात."

मग मॅग्नस इसबिस्टर, शाळेचा नर्स, सव्वासहा फूट,
तीन वर्षांचा झाला.
गालिच्यावर आडवा पडून पाणी मागू लागला,
पाणी मिळाल्यावर दुसऱ्या पेल्यातलं पाणी.
मी आई.
अकरा वर्षं घरोघर जाऊन जे सांगत आले तेच म्हणाले:
दिवा ठरल्या वेळी घालवायचा, ठाम राहायचं,
एकदा नाही म्हटलं की नाही.

"हे वाक्य दुपारी अडीचला अगदी बरोबर आहे," ऐल्सा म्हणाल्या.
"आता रात्री अडीचला म्हणून बघा."

मी तोंड उघडलं.
खाली मॅग्नस माझ्या बुटाची नाडी सोडत होता.

जेवणानंतर त्यांनी एक नोंदवही वाटली,
नाव-गाव काळ्या शाईनं खोडलेली.
कधी झोपला. कधी उठला. आम्ही काय केलं.
आणि चौथा रकाना, इतर, जो सहसा कोणी भरत नाही.
बाराला, एकला, दोन पंचवीसला,
तिसऱ्या रकान्यात तेच ते: थोपटलं, थोपटलं,
उचललं, थोपटलं.
मंगळवारी चौथ्यात, वेगळ्या अक्षरात:
"मी गाडीत जाऊन बसलो. इंजिन सुरू केलं नाही."

थोरा लिंकलेटर काळ्या पडद्यांविषयी बोलणार होती,
तिनं हात वर केलेला होता,
तो तिनं हळूच केसांवरून फिरवला.

"पडदे येतील," ऐल्सा म्हणाल्या. "वेळापत्रक येईल,
दुपारची झोप कमी करणंही येईल.
पण या घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न कुठला?"

बाहेर सीगल कोकलत होते. कोणी बोलेना.
"त्या माणसाला कुणी चहा विचारला का?" मॅग्नस म्हणाला.
हशा पिकला.
ऐल्सांनी ते फळ्यावर लिहिलं,
आणि संध्याकाळपर्यंत पुसलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी स्ट्रॉमनेसला, मिसेस ड्रेव्हरच्या घरी.
खिडकीला स्वयंपाकाची चंदेरी फॉइल चिकटवलेली,
एक कोपरा सुटून वाऱ्यानं फडफडत.
पिशवीत माझं सात सूचनांचं पत्रक होतं.
ते पिशवीतच राहू दिलं.
म्हणाले, कालची रात्र सांगा.

चाळीस मिनिटं सांगत होती.
मधे एकदा रडली, एकदा स्वतःलाच हसली,
एकदा म्हणाली, हे मी त्याच्या बापालाही सांगितलेलं नाही.
चहा मीच केला. साखर कुठे ते तिला आठवेना.

आणि मग लक्षात आलं, घर गप्प आहे.
एर्लंड जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
एक मोजा पायात, दुसरा मुठीत,
भिंतीला गाल लावून गाढ झोपलेला.

सकाळचे पावणेबारा.
शिकलेल्या नियमानं त्याला उठवायला हवं होतं:
आत्ताची ही झोप रात्रीच्या खात्यातून वळती होणार.
मी घड्याळ पाहिलं.
मग तिच्याकडे पाहिलं, तर तिचीही मान कलली होती,
कप हातात तसाच, तिरपा होत चाललेला.

कप तेवढा काढून घेतला.
पाच मिनिटं, मी ठरवलं.
मग दहा.

नोंदवही मांडीवर उघडी होती, चौथा रकाना कोरा.
मी पेनला टोपण लावलं,
आवाज होऊ न देता.